दोन्हीकडे सरासरी तीन

"नव्या पद्धतीचा तक्रारदारांच्या समाधानावर परिणाम दिसून आला नाही." अहवालाच्या मसुद्यातलं हे वाक्य माझ्याकडे फक्त नजर टाकायला आलं होतं. सादरीकरण दुसऱ्या दिवशी होतं. स्लाइड्स तयार होत्या आणि प्रकल्पप्रमुखांनी प्रास्ताविकही लिहून ठेवलं होतं. विश्लेषण आमच्या टीममधल्या एका नव्या मुलानं केलं होतं. मुलगा हुशार आहे, काम नीटनेटकं करतो. माझ्याकडून अपेक्षा एवढीच होती की संध्याकाळपर्यंत 'ओके' म्हणून मेल टाकायचा.

अभ्यास तक्रार निवारणाचा होता. जुन्या पद्धतीत अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरतो आणि निकाल लागेल तेव्हा लागतो. नव्या पद्धतीत ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यायचा, मंजूर असो वा नामंजूर, आणि तो लेखी कळवायचा. कुठला अर्ज कोणत्या पद्धतीनं जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखेच असणार हे गृहीत धरायला जागा होती. काही आठवड्यांनी सगळ्यांना फोन करून एकच मुख्य प्रश्न विचारला: तुमची तक्रार ज्या प्रकारे हाताळली गेली त्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? उत्तरं पाच: अत्यंत असमाधानी, असमाधानी, ना समाधानी ना असमाधानी, समाधानी, अत्यंत समाधानी. मग नेहमीप्रमाणे या पाचांना 1 ते 5 क्रमांक दिले, त्यांची सरासरी काढली, वय-शिक्षण वगैरेंचा प्रभाव वेगळा काढणारं रिग्रेशन चालवलं. फरक शून्याला चिकटलेला.

मूळ आकडे आमचे नाहीत, ज्यांनी काम दिलं त्यांचे आहेत. म्हणून इथे त्यांची ठेवण तशीच राखून मी गोल आकडे घेते. प्रत्येक गटात 200 माणसं धरा. वाचणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल.

मसुद्यात एक तक्ता होता. जुनी पद्धत: सरासरी 3.00, प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती पसरली आहेत त्याचं माप) 1.10. नवी पद्धत: सरासरी 3.00, प्रमाण विचलन 1.38. खाली टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासरींतल्या फरकाची चाचणी, आणि तिची पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगानं निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता. तक्ता वाचताना सगळ्यांची नजर पहिल्या रकान्यावरून थेट पी-व्हॅल्यूवर जाते. मधला रकाना छापायची प्रथा आहे म्हणून छापला जातो. माझी नजर मात्र तिथेच अडकली. पाचच उत्तरं असलेल्या प्रश्नात विचलन 1.10 वरून 1.38 वर जाणं किरकोळ नाही. विचलनाचा वर्ग घेतला तर 1.2 चं 1.9 झालेलं.

"कुणी काय उत्तर दिलं त्याची नुसती मोजणी आहे का?" मी विचारलं.

"काढली नाही मॅडम. डेटा क्लीन आहे, मिसिंग पण फार नाही."

मोजणी काढायला अर्धा मिनिटही लागत नाही. जुन्या पद्धतीत, खालून वर: 20, 40, 80, 40, 20. नव्या पद्धतीत: 40, 30, 60, 30, 40.

मुलगा स्क्रीनकडे बघत राहिला. अत्यंत असमाधानी 10 टक्क्यांवरून 20 टक्के. अत्यंत समाधानीही 10 वरून 20. मधला गठ्ठा 40 वरून 30. दोन्ही टोकं दुप्पट झाली होती आणि मसुदा म्हणत होता की काही झालंच नाही. दोन्ही ओळी एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत ते मोजणारा काय-स्क्वेअर 19.05 येतो, डिग्री ऑफ फ्रीडम 4. निव्वळ योगायोगानं शंभरात पाचच वेळा ओलांडली जाईल अशी मर्यादा 9.49 आहे. म्हणजे हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नव्हता.

त्यानं लगेच स्वतःच निदान केलं: "क्रमवार उत्तरांची सरासरी काढली, तिथे चुकलं. ऑर्डिनल मॉडेल लावायला हवं होतं." ऑर्डिनल मॉडेल म्हणजे उत्तरांचा फक्त क्रम मानणारं, त्यांच्यातलं अंतर न मानणारं. पुस्तकातलं उत्तर म्हणून ते बरोबरच. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्सनं 1946 मध्ये मोजमापाच्या पट्ट्यांचे चार प्रकार मांडले, तेव्हापासून क्रमवार उत्तरांची सरासरी काढणं नियमात बसत नाही हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जातं. त्याच लेखात स्टीव्हन्सनं हेही कबूल केलं होतं की व्यवहारात असं केल्यानं बरेचदा उपयोगी निष्कर्ष निघतात. तो भाग शिकवताना गळतो. अशी पाच-पर्यायी उत्तरं रूढ करणाऱ्या लिकर्टच्या 1932 च्या कामाचंही तसंच. त्यानं 1 ते 5 असे साधे गुण देऊन पाहिले आणि जास्त किचकट पद्धतीच्या गुणांशी ते जवळपास तंतोतंत जुळले. पण तो अनेक विधानांच्या गुणांची बेरीज करत होता. एकाच प्रश्नाच्या पाच उत्तरांची सरासरी काढायची आणि त्यासाठी लिकर्टचा हवाला द्यायचा, ही आपली नंतरची सोय. लिडेल आणि क्रुश्के यांनी 2018 मध्ये दाखवलं की क्रमवार उत्तरांना साधे आकडे मानलं तर नसलेला फरक दिसू शकतो, असलेला हरवू शकतो, आणि क्वचित फरकाची दिशाही उलटू शकते. त्यामुळे मुलाचं म्हणणं मला मान्यच होतं. मी म्हटलं, "लाव बघू."

इथे एक गोष्ट मी कायम आधी तपासते: उत्तरांचा क्रम. 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये शब्दांच्या रकान्याचा फॅक्टर (ठरलेल्या पर्यायांचा रकाना) केला आणि लेव्हल्सचा, म्हणजे त्या पर्यायांचा, क्रम सांगितला नाही, तर ते वर्णानुक्रमे लावून मोकळं होतं. आमच्या लेबलांचा वर्णानुक्रम लावून बघा: अत्यंत असमाधानी, अत्यंत समाधानी, असमाधानी, ना समाधानी ना असमाधानी, समाधानी. सगळ्यात नाराज माणूस आणि सगळ्यात खूश माणूस शेजारी-शेजारी! मॉडेल तक्रार करत नाही. ते याच क्रमावर इमानेइतबारे चालतं, गुणक देतं, स्टँडर्ड एरर देतं. असे निष्कर्ष छापून आलेलेही असतील, कोण जाणे. इथे क्रम बरोबर लावलेला होता.

त्यानं 'आर'च्या 'मास' पॅकेजमधलं 'पोलर' हे ऑर्डिनल मॉडेल चालवलं. गुणक शून्य. अगदी शून्य, म्हणजे ऑड्स रेशो 1, दोन गटांत फरक नाही.

"आता?" तो म्हणाला.

माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात शिकण्यासारखा क्षण हाच होता. सरासरी सोडून 'योग्य' मॉडेल घेतलं, तरी उत्तर तेच आलं. मान-व्हिटनी ही फक्त क्रमावर चालणारी चाचणी लावली असती तरी तेच आलं असतं. दोष क्रमांकांना आकडे मानण्यात होता, पण तेवढ्यातच नव्हता.

पाच उत्तरांमध्ये चार उंबरठे असतात. पहिला उंबरठा अत्यंत असमाधानी आणि त्यावरचे सगळे यांच्यामध्ये, दुसरा खालचे दोन आणि वरचे तीन यांच्यामध्ये, असं करत शेवटचा अत्यंत समाधानी आणि बाकी सगळे यांच्यामध्ये. प्रत्येक उंबरठ्यावर एक साधा होय-नाही प्रश्न उभा राहतो: हा माणूस वर आहे की खाली? मॅकलानं 1980 मध्ये ज्याला प्रपोर्शनल ऑड्स म्हटलं ते मॉडेल हे चारही प्रश्न एकदम सोडवतं. पण त्यासाठी एक अट घालतं: गटागटांमधला ऑड्स रेशो चारही उंबरठ्यांवर सारखाच असला पाहिजे. या अटीमुळेच चार आकड्यांऐवजी एक आकडा मिळतो, आणि म्हणूनच ते मॉडेल सगळ्यांना आवडतं. पण डेटाला ती अट ठाऊक नसते.

मी मुलाला म्हटलं, सॉफ्टवेअर बंद कर, हातानं कर. पहिला उंबरठा: जुन्या पद्धतीत वर 180, खाली 20, म्हणजे ऑड्स 9. नव्या पद्धतीत वर 160, खाली 40, म्हणजे 4. रेशो 0.44. दुसऱ्यावर 140 ला 60 आणि 130 ला 70, रेशो 0.80. तिसऱ्यावर 60 ला 140 आणि 70 ला 130, रेशो 1.26. चौथ्यावर 20 ला 180 आणि 40 ला 160, रेशो 2.25. त्यानं चारही आकडे एकाखाली एक लिहिले. 0.44, 0.80, 1.26, 2.25. खालच्या उंबरठ्यावर नवी पद्धत नुकसान करत होती, वरच्या उंबरठ्यावर फायदा. एकच आकडा दे असं सांगितल्यावर मॉडेलनं या चौघांचा समेट घडवला आणि 1 सांगितलं. त्याच्या अटीत राहून त्याला दुसरं काही सांगताच येत नव्हतं.

ही अट पाळली जाते का ते तपासायची ब्रँटची चाचणी 1990 पासून उपलब्ध आहे. ती चालवली, तिनं अट साफ नाकारली. या चाचणीवर मी एरवी फारसा भर देत नाही. नमुना हजारोंचा असला की ती क्षुल्लक फरकावरूनही बोंब मारते, आणि टोकाच्या उत्तरांत चार-दोनच माणसं असली की तिच्यावर विसंबता येत नाही. चार रेशो डोळ्यांनी पाहणं जास्त बरं. ते 1.3, 1.5, 1.4, 1.6 असे आले असते तर चाचणी काहीही म्हणो, मी एकच आकडा देऊन मोकळी झाले असते. इथे ते 1 च्या दोन बाजूंना गेले होते, तिथे तडजोड नाही.

दुपार सगळी कारण शोधण्यात गेली. टोकं फुगलेली दिसली की पहिला संशय मुलाखतीवर घ्यायचा. काही मुलाखतकार पर्याय भरभर वाचतात, आणि फोनवर ऐकणारा पहिला किंवा शेवटचा पर्याय उचलतो. नव्या गटाच्या मुलाखती ठरावीक मुलाखतकारांकडेच गेल्या असतील तर सगळा शोध तिथेच संपला असता. पण मुलाखतकारांना गट माहीत नव्हता आणि नोंदी सरमिसळ वाटल्या होत्या. प्रत्येक मुलाखतकाराची मोजणी वेगळी काढली, तरी तेच चित्र. मग 'सांगता येत नाही' म्हणणारे. पुष्कळ ठिकाणी त्यांना गुपचूप मधल्या उत्तरात, म्हणजे 3 मध्ये टाकतात. मला याचा राग येतो, कारण मत नसणं आणि मत मधलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे त्यांना वेगळा कोड होता आणि दोन्ही गटांत ते थोडेच होते.

शेवटी अर्जांच्या नोंदवहीतला एक रकाना जोडून घेतला: मुलाखतीच्या दिवशी अर्जाची स्थिती काय होती. जुन्या पद्धतीतले बहुतेक अर्ज तोवर प्रलंबितच होते. ज्याला अजून काही कळलेलंच नाही, तो फोनवर काय सांगणार? 'ठीक आहे, बघू.' मधला गठ्ठा तिथून आला होता. नव्या पद्धतीत जवळपास प्रत्येकाच्या हातात निर्णय पडला होता, कुणाच्या हातात मंजुरी, कुणाच्या हातात नकार. मंजुरीवाले वरच्या टोकाला सरकले, नकारवाले खालच्या. पद्धतीनं समाधान वाढवलं नाही किंवा घटवलंही नाही. तिनं लोकांना वाट बघण्यातून बाहेर काढलं आणि दोन दिशांना पाठवलं.

मुलगा उत्साहानं म्हणाला की मग स्थितीचा रकाना मॉडेलमध्येच घालूया, म्हणजे सगळं सुटेल. तिथे त्याला थांबवावं लागलं. निर्णय झाला की नाही, हा चिठ्ठ्या टाकल्यानंतर घडलेला प्रकार आहे, पद्धतीचाच परिणाम. तो रकाना नियंत्रण म्हणून घातला की चिठ्ठ्यांनी जे सारखेपण दिलं होतं ते आपण स्वतःच्या हातानं मोडतो. नवीन पद्धतीतले मंजूर आणि जुन्या पद्धतीतले मंजूर हे एकाच जातीचे अर्ज असतीलच असं नाही. जुन्यात इतक्या लवकर मंजूर होणारे बहुधा अगदी सोपे अर्ज असणार. म्हणून ती विभागणी वर्णन म्हणून द्यायची, परिणामाचा पुरावा म्हणून नाही. परिणामाचा पुरावा वरची मोजणीच.

मग प्रश्न आला की अहवालात मॉडेल कुठलं द्यायचं. एक रस्ता पीटरसन आणि हॅरेल यांनी 1990 मध्ये मांडलेला: ज्या घटकाच्या बाबतीत अट मोडते त्याला प्रत्येक उंबरठ्यावर वेगळा गुणक द्यायचा, बाकीच्यांना एकच ठेवायचा. त्यात चार रेशो सरळ छापता येतात. खरं तर फक्त गट हा एकच घटक असेल तर असं पूर्ण मोकळं सोडलेलं मॉडेल काहीही नवीन सांगत नाही, ते मोजणीच परत वाचून दाखवतं. वय किंवा उत्पन्नासारखे सलग घटक मोकळे सोडले की मात्र उंबरठ्यांच्या रेषा कुठेतरी एकमेकींना छेदतात, आणि एखाद्या उत्तराची संभाव्यता उणे येते. तसं झालं की मला त्या मॉडेलवर सही करवत नाही.

दुसरा रस्ता असा, की समाधान ही आत कुठेतरी सलग असलेली गोष्ट आहे आणि पाच उत्तरं म्हणजे तिच्यावर मारलेले काप, असं मानायचं. मग नवीन गटात मधला बिंदू सरकला का आणि पसारा वाढला का, हे दोन वेगळे गुणक काढायचे. 'आर'च्या 'ऑर्डिनल' पॅकेजमधल्या 'सीएलएम' या मॉडेलला स्केल म्हणून तो दुसरा भाग देता येतो. आमच्या आकड्यांवर बिंदू जागचा हलत नाही आणि पसारा दीडपटीच्या आसपास जातो, दोन्ही टोकांनी धरून रबर ताणावं तसा. चार आकड्यांऐवजी दोन, आणि मोजणीशी चांगलं जुळतंही. पण त्यासाठी ती आतली सलग गोष्ट खरी आहे असं मानावं लागतं. हा वाद जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन प्रत्येक होय-नाहीच्या मागे सलग चल बघत होता आणि दुसरा संख्याशास्त्रज्ञ यूल त्याला विचारत होता की देवीच्या रोगानं दगावलेले सगळे सारखेच मेलेले असताना त्यांच्यामागे कमी-जास्त काय शोधता? समाधानाच्या बाबतीत मी थोडी पिअर्सनच्या बाजूनं झुकते. तरी ज्या वाचकाला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापुढे मी अदृश्य पसारा ठेवत नाही, टक्केवारी ठेवते. मॉडेल परिशिष्टात.

संध्याकाळी प्रकल्पप्रमुखांकडे गेलो. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"मॅडम, सगळं पटलं. पण उद्या समोरचे विचारणार, पद्धत चांगली की वाईट? मला एक आकडा लागेल."

"सर, एक आकडा हवा तर आधी एक प्रश्न ठरवावा लागेल. अत्यंत नाराज लोक कमी करायचे असतील तर पद्धत वाईट, दुप्पट झालेत. अत्यंत खूश लोक वाढवायचे असतील तर चांगली. दोन्ही एकदम विचारलं की उत्तर शून्य येतं, आणि ते शून्य आपण छापायला निघालो होतो."

ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्लाइड बदला. पण मला समजेल अशी करा." ही त्यांची खासियत आहे, चिडतात, पण मजकूर बदलू देतात.

स्लाइडवर एकच आकृती ठेवली: दोन आडव्या पट्ट्या, प्रत्येकीत पाच रंग, मधला करडा. खाली चार ओळी, प्रत्येक उंबरठ्याचा ऑड्स रेशो आणि त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा रेशो कुठपासून कुठपर्यंत असू शकतो ते. सरासरीची स्लाइड काढली. मुलानं विचारलं की अक्षरं बारीक करून सरासरी कोपऱ्यात ठेवू का. नको म्हटलं. कोपऱ्यात ठेवलेली सरासरीच बैठकीत सगळ्यात आधी वाचली जाते.

सादरीकरणात मॉडेलबद्दल कुणीही विचारलं नाही. पट्ट्या पाहून एका अधिकारी बाईंनी नेमका मुद्दा पकडला: "नकार मिळाला म्हणून नाराज, की नकार ज्या भाषेत मिळाला तिच्यामुळे?" आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं, पण नकाराची काही पत्रं होती. ती तिथेच उघडली. बहुतेकांत एकच ओळ: सदर अर्ज नियमात बसत नसल्याने निकाली काढण्यात येत आहे. कुठला नियम, काय कमी पडलं, पुढे कुठे जायचं, काही नाही. जुन्या पद्धतीतल्या माणसाला निदान आशा तरी होती.

पुढच्या फेरीचा आराखडा त्याच बैठकीत ठरला. पद्धत नवीच राहील, चिठ्ठ्या आता नकाराच्या पत्रावर टाकायच्या: निम्म्या नकारांना नेहमीची एक ओळ, निम्म्यांना कारण, नियमाचा संदर्भ आणि अपिलाचा पत्ता. मुलाखत फक्त नकार मिळालेल्यांची. मुख्य निकष पहिला उंबरठा, म्हणजे अत्यंत असमाधानी किती आणि बाकी किती. उरलेले तीन उंबरठे दुय्यम म्हणून छापायचे, पण छापायचेच. हे सगळं डेटा येण्याआधी लिहून सह्या करून ठेवलं. नमुना किती लागेल त्याचं गणितही त्याच उंबरठ्यावर केलं, आणि तो आधीच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला, कारण पाच उत्तरांचे दोनच करून मोजलं की बरीच माहिती वाया जाते. त्यावर प्रकल्पप्रमुखांचं आणि माझं खर्चावरून अजून चालू आहे.